हँडलला भोक

पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या शेवटच्या चढावर उभं राहून पेडल मारायला लागलं की पुढून कुठूनतरी ‘टक्’ असा आवाज यायचा. दर वेळी नाही, चार-पाच पेडलांत एखादा. सायकलच्या आवाजाचा माग काढणं हा वेगळाच छळ आहे. पेडलमध्येच वाजतंय अशी खात्री असते आणि वाजत असतं सीटखाली. मी पेडलं काढून ग्रीस भरलं, बीबी, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो भाग, उघडून घेतला, हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट मोजून पाच न्यूटन-मीटरला आवळले. पुन्हा टक्. महिनाभर मी हँडल सोडून सगळं तपासलं. हँडलवर संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा लागला असता, कारण त्याला भोकं मीच पाडली होती.

सायकल मूळची दादाची. स्टीलची फ्रेम, दहा गिअर, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हापासून जिन्याखाली पोत्यात गुंडाळून पडली होती. २०२२च्या जानेवारीत मी ती बाहेर काढली, चाकं-चेन बदलली आणि गंजलेलं हँडल टाकून बुलहॉर्न बसवलं. मधली दांडी सरळ आणि दोन्ही टोकं बैलाच्या शिंगांसारखी पुढे आलेली. ॲल्युमिनियमचं, धरायच्या जागी नळीचा बाहेरचा व्यास २३.८ मिलिमीटर. अशा हँडलला ब्रेकच्या उलट्या लिव्हर लागतात. लिव्हरचं बूड शिंगाच्या पोकळ टोकात घालायचं आणि बोल्ट फिरवून आतल्या आत फुगवून घट्ट करायचं. वायर त्या बुडाशी निघते. तिथून ती हँडलच्या अंगाने, त्यावर गुंडाळतात त्या टेपखालून न्यायची, नाहीतर नळीच्या पोटातून.

टेपखालून नेली की तळव्याखाली उंचवटा येतो. पोटातून नेली तर बाहेर काही दिसतच नाही. स्टेमजवळ वायर डोकं काढते आणि सरळ ब्रेककडे जाते. पुढे पिशवी लावायची आहे, वायरी मध्ये येतात, असं मी घरी सांगितलं. खरं कारण एवढंच, की मला ती सायकल देखणी हवी होती.

शिवाय माझ्याकडे दाखला होता. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, त्या सायकलचं वजन कमी करायला तिच्या हँडललासुद्धा भोकं पाडली होती. सत्तरच्या दशकात तर ब्रेकच्या लिव्हर, दातेरी चकत्या, जे हाताला लागेल त्याची चाळण करायची फॅशनच होती. एवढ्या भोकांचं हँडल मर्क्सला चाललं, मग माझ्या दोन भोकांनी काय होणार?

आणि भोक कुठे पाडायचं याचा विचार मी केला नव्हता असं नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा, जन्म जरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेला तरी. हँडलवर वजन टाकलं की ते स्टेमपासून खाली वाकायला बघतं. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते आणि मधोमध, म्हणजे अगदी पुढे आणि अगदी मागे, नळीला वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो. भोक तिथेच पाडायचं. मी मागची बाजू निवडली, छातीकडची, स्टेमच्या क्लॅम्पपासून अडीच सेंटिमीटरवर. कागदावर आकृती काढली, बाण काढले, स्वतःवर खूश झाले.

दुसरा हिशोब भोकाच्या आकाराचा. ब्रेकचं आउटर, म्हणजे वायरीवरचं कवच, पाच मिलिमीटर जाड. ते नळीतून काटकोनात बाहेर काढलं तर वायरला इतकं तीव्र वळण पडतं की ब्रेक जाम व्हायचा. म्हणून तिरकं काढायचं, साधारण तीस अंशांत. म्हणजे गोल भोक पुरत नाही, लांबट लागतं, दहा मिलिमीटर लांब आणि सहा रुंद. हे लांबट भोक नळीच्या लांबीच्या दिशेने ठेवायचं हेही मला माहीत होतं. सपाट पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. दहा बाय सहाचं लंबगोल भोक ताणाच्या दिशेने झोपवलं तर तो २.२ पट होतो, आडवं ठेवलं तर ४.३ पट. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९१३मध्ये मांडलेलं हे सूत्र परीक्षेत कधीतरी पाठ केलं होतं. एकूण काय, अभ्यास करून चूक केली.

ड्रिल शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलं. तो म्हणाला, “मॅडम, आणा इकडे, दोन मिनिटांत मारून देतो.” पण मला स्वतःच करायचं होतं. सेंटर पंचने खूण ठोकली, आधी तीनचा बिट, मग सहाचा. गोल नळीवर बिट घसरतो, तसा घसरला आणि टेपखाली जाईल अशा जागी एक छान ओरखडा उठला. सहाचा बिट आत घुसताना शेवटी धक्का देऊन अडकला. मग गोल कानशीने भोक तिरकं लांबवायचं. बाहेरची कड मी पॉलिश पेपरने बोटाला मऊ लागेपर्यंत घासली. आतल्या कडेला धातूचा उठलेला काटा, ज्याला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात, तिथे कानस पोचत नव्हती. बोटही पोचत नव्हतं. मी टॉर्च मारला, काही दिसलं नाही, म्हणजे नसेल असं ठरवलं.

वायर ओवणं ही खरी करमणूक. आधी वायर ढकलून पाहिली, ती आत कुठेतरी वळून बसायची. शेवटी व्हॅक्युम क्लीनर भोकाशी धरला, शिंगाच्या टोकातून शिवणाचा दोरा सोडला, दोरा सुर्रकन भोकातून बाहेर. दोऱ्याला वायर बांधून ओढली, मग वायरीवरून आउटर सरकवलं. भोकाच्या कडेला आउटर कापू नये म्हणून रबरी वायसर बसवलं. रविवारची दुपार गेली, पण सायकल दिसत होती झकास.

ब्रेकची गंमत आठवडाभरात कळली. लिव्हर सोडल्यावर पुढचा ब्रेक लगेच मागे यायचा नाही, आळस देऊन यायचा. वायरला जितकी वळणं जास्त तितकं घर्षण जास्त, आणि शिंगाचा बाक, भोकाशी वळण, पुढे ब्रेकच्या चिमट्याकडे आणखी एक, अशी बेरीज झाली होती. आउटर थोडं लांब घेतलं, शेवटचं वळण सैल केलं, आत पातळ तेल सोडलं, तेव्हा काम भागलं. एका दुकानात सल्ला मिळाला, गिअरचं आउटर टाका, ते चार मिलिमीटरचं, सहज वळेल. हे मात्र मी ऐकलं नाही. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकचा जोर आला की ते फाटू शकतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, ती फाटत नाही. थोडक्यात, वायर, लिव्हर, आउटर यांची मी इतकी काळजी घेतली की ज्या नळीतून हे सगळं चाललं होतं तिच्याकडे बघायचं राहिलं.

आठ महिने, २,६०० किलोमीटर. सासवड, सिंहगडाचा पायथा, दोन पावसाळी सहली. मग ते टक्.

गणपती उरकल्यावर टेप बदलायला घेतली. घामाने टेप आतून कुजली होती, भोकाभोवती पांढरी भुकटी साचलेली, ॲल्युमिनियम खाल्लं जातं तेव्हा येते तशी. फडक्याने पुसलं. डाव्या भोकाच्या वरच्या कोपऱ्यापासून एक केस चिकटलेला होता. माझाच असेल म्हणून अंगठ्याने पुसला. गेला नाही. नखाने खरवडला. नख अडकलं.

मी हँडल सायकलवरून उतरवलं आणि आबाकाकांकडे गेले. आबाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वर्कशॉप माहीत असेल. काकांची सारी नोकरी चाकं आणि आस यांत गेली. भिंगातून बघून ते म्हणाले, “ओरखडाही असेल. खात्री करू. खडू आण.”

खडू समोरच्या क्लासवाल्यांकडून आणला. रॉकेल काकूंनी कुठून तरी काढलं, देव जाणे कधीचं. काकांनी रॉकेलचा बोळा भोकाभोवती फिरवला आणि चहा होईपर्यंत हँडल तसंच ठेवलं. मग फडक्याने अगदी कोरडं पुसलं. खडूची पूड करून ती कोरोनाच्या वेळच्या उरलेल्या सॅनिटायझरमध्ये कालवली आणि ब्रशने पातळ थर दिला. सॅनिटायझर उडून गेला, नळी पांढरीफटक झाली. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. पाच मिनिटांत पांढऱ्यावर एक ओली करडी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर शोषलं होतं. ओरखड्यात रॉकेल राहत नाही, पुसलं की जातं. रेघ सव्वा सेंटिमीटर लांब होती, माझ्या नखाला लागली त्यापेक्षा दुप्पट. आणि भोकाच्या खालच्या, समोरच्या कोपऱ्यातून दुसरी एक निघाली होती, जी मला दिसलीच नव्हती.

“मशीनं आली तरी आमचे जुने लोक आसांना आधी हेच करायचे,” काका म्हणाले. मग रेघेवर बोट धरून विचारलं, “तिरकी का गेली गं?”

मला उत्तर येईना. वाकून तुटणार असती तर चीर नळीला आडवी, सरळ जायला हवी होती.

काकांनी उरलेल्या खडूंतला एक घेतला आणि दोन्ही हातांनी वाकवला. कट्कन तुटला, तुटलेलं तोंड सपाट. दुसरा घेतला आणि ओलं फडकं पिळतात तसा पिळला. तो तुटला तो जिन्यासारखा फिरत, तोंड तिरपं, धारदार. तो तुकडा त्यांनी माझ्या रेघेशेजारी ठेवला. तंतोतंत तोच कोन.

“वाकून नाही, पिळून गेलंय. तुझे हात कुठे असतात?”

हात शिंगांवर असतात. शिंगं मधल्या दांडीच्या चौदा सेंटिमीटर पुढे. मी आकृती काढली होती ती सरळ दांडीची, हात दांडीवरच आहेत असं धरून. तिथेच कागद घेऊन पुन्हा हिशोब केला. एका हातावर वीस किलो भार धरू. क्लॅम्पपासून हात बाजूला सतरा सेंटिमीटर, भोक अडीचवर, म्हणजे भोकाच्या जागी वाकवणारा जोर वीस गुणिले साडेचौदा, २९० किलो-सेंटिमीटर. आणि हात चौदा सेंटिमीटर पुढे असल्याने दांडीला पिळणारा जोर वीस गुणिले चौदा, २८०. जवळजवळ तेवढाच. वाकण्याला मागची बाजू मोकळी असते हे खरं. पण पिळण्याला नळीची कुठलीच बाजू मोकळी नसते, वर, खाली, मागे, पुढे, सगळीकडे सारखंच. मी भोकाला २९०पासून वाचवलं आणि २८०च्या तोंडी दिलं. शिवाय पिळण्याचा ताण नळीला पंचेचाळीस अंशांत ओढतो, त्यामुळे भोक लांबीच्या दिशेने झोपवण्याची हुशारीही वाया. साध्या गोल भोकाच्या काठाशीसुद्धा तो चौपट होतो.

“थोडं बाहेरच्या बाजूला, क्लॅम्पपासून लांब पाडलं असतं तर?” मी विचारलं. विचारता विचारताच उत्तर कळलं. वाकवणारा जोर हाताकडे जाताना कमी होत जातो. पिळणारा मात्र शिंगाचं वळण सुरू होईपर्यंत आहे तितकाच राहतो. त्या सरळ दांडीवर भोकाला चांगली जागा नव्हतीच. खाली वळलेल्या रेसिंग हँडललाही हाच हिशोब लागतो, कारण तिथेही लिव्हर पुढे असते आणि बहुतेक वेळ हात तिच्यावरच असतात.

मर्क्सचं सांगितल्यावर काका हसले. “किती वेळ चालवली त्याने?”

“एक तास.”

“कुठे?”

“व्हेलोड्रोमवर.” लाकडाच्या गुळगुळीत पट्टीवर आणि सासवड रस्त्यावर हँडलला बसणारे धक्के सारखे नसतात एवढं मलाही कळत होतं. आणि ट्रॅकच्या सायकलला ब्रेकच नसतात, तेव्हा वायर ओवायचा प्रश्नच नव्हता, हे मी बोलले नाही.

धक्क्यांची संख्या इथे महत्त्वाची. स्टीलला एक मर्यादा असते. ताण त्याखाली राहिला तर, गंज सोडला, तर कितीही वेळा वाकवा, चीर पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा दिला की कधीतरी चीर धरतोच. चांगलं हँडल इतकं जाड ठेवतात की तो ‘कधीतरी’ सायकलच्या आयुष्याच्या पलीकडे जातो. माझ्या भोकाने तो आठ महिन्यांवर आणला. हे सगळं शोधलं गेलं तेही रेल्वेमुळेच. १८४२मध्ये व्हर्सायजवळ आस तुटून गाडीचा मोठा अपघात झाला. पुढे व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून-वाकवून तुटेपर्यंत मोजले. काकांना व्होलर माहीत नव्हता. आस कुठे तुटतो ते मात्र माहीत होतं. “कोपऱ्यात. जिथे कोणी कानस नीट मारली नाही तिथे.”

ते वाक्य मला झोंबलं, कारण खरं होतं. काकांनी हँडल व्हाइसमध्ये धरलं, शिंगावर एक पाइप चढवला आणि मला म्हणाले, “पीळ.” मी तयारी करून जोर लावला आणि जवळजवळ पडलेच. त्याला जोर लागलाच नाही. तुटलेलं तोंड उजेडात धरलं. बराचसा भाग राखाडी, गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वळणदार रेषा. उरलेला चकचकीत आणि खरबरीत, आत्ता तुटलेला. गुळगुळीत भाग म्हणजे आठ महिन्यांत थोडी थोडी सरकलेली चीर. त्या साऱ्या वळणदार रेषांचा उगम एकाच ठिकाणी होता. भोकाच्या आतल्या कडेला, जिथे सहाच्या बिटने धक्का दिला होता आणि कानस पोचली नव्हती. बर अजून तिथेच होता. बोटाला टोचला.

टोचलेलं बोट चोखत मी विचार करत होते, की ब्रेकची वायर तुटली असती तर काय झालं असतं? एक ब्रेक गेला असता, दुसरा होता. उतारावर ब्रेक मारताना मात्र सगळं अंग हातांवर येतं, म्हणजे ब्रेक लावण्याच्या क्षणीच हँडलवर सर्वांत जास्त भार. ते तेव्हा गेलं असतं तर ब्रेक शाबूत असूनही उपयोग शून्य. बोपदेवच्या उतारावरची वळणं डोळ्यांसमोर आली आणि काकूंनी दिलेला दुसरा चहा थंड झाला.

आतून वायर नेणारी हँडलं बाजारात आहेत, ती फसवी आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांचं भोक आराखड्यातच असतं. भोकापाशी धातू जाड ठेवतात, कार्बन असेल तर धाग्यांचे जादा थर देतात, कडा आतून-बाहेरून गोल करतात आणि भोकासकट हँडल तपासतात. आयएसओ ४२१० या सायकलच्या मानकात हँडल आणि स्टेमला दोन्ही बाजूंनी आधी आलटून-पालटून आणि मग एकदम, प्रत्येकी एक लाख वेळा भार द्यावा लागतो. माझ्या भोकाची परीक्षा घाटात माझ्या दातांच्या भरवशावर चालू होती. कार्बनच्या हँडलला घरी ड्रिल लावायचा विचार असेल तर आणखी वाईट. तिथे ताकद धाग्यांत असते आणि ड्रिल नेमके धागेच कापतं, थरही सुटायला लागतात आणि खडू-रॉकेलला ते दिसेलच असं नाही.

ऐंशीच्या दशकातल्या लोकांनी यावर साधा उपाय काढला होता, तो मला नंतर सापडला. हँडलला भोक नाही, नुसती लांबलचक खाच. वायर त्या खाचेत बसते, वरून टेप. ती खाच कारखान्यातच नळी दाबून केलेली असते, धातू कापलेला नसतो. मी तसलं एक जुनं, रेसिंगचं, खाली वळलेलं हँडल शोधून आणलं आणि लिव्हरही बदलल्या. घेण्याआधी दुकानाच्या दारातच नखाने सगळीकडे चाचपलं. दुकानदाराला वाटलं असणार, बाई किंमत पाडायला खोड काढतेय. थोडी पाडलीही.

खाच एकाच वायरची, उजव्या बाजूला आहे. त्यामुळे पुढच्या ब्रेकची वायर खाचेत बसली आणि मागच्या ब्रेकची टेपखालून गेली आहे. डाव्या तळव्याखाली तिचा उंचवटा लागतो, तासाभराने करंगळी बधिर होते. तिथे जुन्या टेपचा तुकडा घालून पाहिला, आता बरं आहे. पण दोन्ही बाजूंची जाडी वेगळी लागते, म्हणून उजवीकडेही तसाच तुकडा घालायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही.